कार्डाची मागची बाजू

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कोश मंडळाच्या प्रमुख, माननीय बाईसाहेब; आपल्या इंग्रजी-मराठी कोशाचे तिन्ही खंड ज्यांनी न कुरकुरता छापले ते आजचे प्रमुख पाहुणे, प्रकाशक महोदय; ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे ते सत्कारमूर्ती, आपले मुख्य संपादक, सर; पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी; माझे कोश कार्यालयातले सहकारी; आणि चहा कधी येतो याकडे एक डोळा ठेवून का होईना, पण शेवटपर्यंत थांबलेले सर्व सुजाण श्रोते, आपणां सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

सूत्रसंचालक बाईंनी माझी ओळख 'सरांचा उजवा हात' अशी करून दिली. मी त्यांचा आभारी आहे. ऑफिसात मला टाचणी म्हणतात, आणि माझी अंगकाठी पाहिल्यावर त्याचं कारण कुणाला विचारावं लागत नाही. गेली चोवीस वर्षं मी कार्डाला कार्ड टाचत आलो. आज माझ्यावर दोन कामं सोपवली आहेत. सरांविषयी चार शब्द बोलायचे आणि मग मानपत्राचं वाचन करायचं. मानपत्र मीच लिहिलं आहे, सोनेरी काठाच्या कागदावर, माझ्या बऱ्यापैकी अक्षरात. फक्त त्यात एक ओळ कोरी आहे. ती का कोरी राहिली एवढंच सांगून मी खाली बसणार आहे.

समारंभ समितीने मला मुद्दे लिहून दिले होते. तीन खंडांचं काम, शिस्त, वक्तशीरपणा, व्यासंग. हे सगळं मी लिहिलं आणि त्यात एक अक्षरही खोटं नाही. सरांइतकं इंग्रजी या इमारतीत कुणाला येत नाही. रात्रंदिवस काम कसं करायचं ते आम्ही त्यांच्याकडून शिकलो. पण शेवटचा मुद्दा असा होता: 'सरांचं सहकाऱ्यांशी वर्तन सदैव अनुकरणीय राहिलं.' इथे माझं पेन अडलं. आम्हा कोशवाल्यांना एक खोड असते. उदाहरणाशिवाय आम्हाला वाक्य लिहवत नाही. म्हटलं, वर्तनाचं एखादं चांगलं उदाहरण आपल्याच कोशात सापडतं का बघावं. म्हणून मी पहिला खंड काढला आणि 'बिहेव' हा शब्द उघडला.

बाहेरून आलेल्या मंडळींसाठी आमची कामाची पद्धत थोडक्यात सांगतो. आमच्या कोशात शब्दाच्या अर्थापुढे जे उदाहरण छापलं जातं, ते कुणी टेबलाशी बसून रचलेलं नसतं. पहिल्या संपादकांनी घालून दिलेला नियम आहे की वाक्य आपल्यापैकी कुणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असलं पाहिजे. ऐकलं त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, ते कार्डावर उतरवायचं. पुढच्या बाजूला वाक्य आणि त्याचं मराठी. मागच्या बाजूला कोण, कुणाला, कुठे, केव्हा, कशावरून बोललं ते, आणि खाली ऐकणाऱ्याची सही. मग ते कार्ड मुख्य संपादकांकडे जातं. त्यांनी लाल खूण केली की वाक्य कोशात गेलं.

या नियमापायी आम्ही काय काय केलं आहे म्हणता? आमचे मुद्रितशोधक एकदा बसमध्ये भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या मागे आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे गेले. नवऱ्याचं वाक्य अर्धवट राहिलं होतं ना. ते पूर्ण ऐकूनच उतरले आणि तिथून चालत ऑफिसला आले. घामाघूम, पण कार्ड लिहूनच पाणी प्यायले. अशी आमची जात.

तर 'बिहेव'. साधा शब्द आहे, शाळेतल्या पोराला येतो. वागणे. पण कार्डं एकापुढे एक मांडली की शब्द आपलं पोट उघडं करतो. एकूण अडतीस कार्डं निघाली. बसथांब्यावर आई मुलाला म्हणते, बिहेव, नाहीतर आइस्क्रीम विसर. मराठीत नुसतं 'वाग' म्हणून भागत नाही, 'नीट' जोडावं लागतं. इंग्रजीत त्या एका शब्दातच नीटपणाचा दम भरलेला असतो. लिफ्टवाला म्हणतो, आज लिफ्ट बिहेव करत नाहीये. म्हणजे यंत्रानेही आपल्या आज्ञेत राहावं अशी आपली अपेक्षा. मुख्याध्यापिका पालकांना, पोलीस रांगेतल्या लोकांना, डॉक्टर दवाखान्यातल्या म्हाताऱ्याला. मी सगळ्या कार्डांच्या पाठी वाचत गेलो आणि माझ्या लक्षात आलं की हा शब्द नेहमी वरून खाली येतो. खालच्याने वरच्याला 'बिहेव' म्हटल्याचं एकही कार्ड आमच्याकडे नाही. अडतीसमध्ये एकही नाही.

छापील खंडात त्यातली चारच उदाहरणं घेतली आहेत. खंड इथे टेबलावर ठेवलेला आहे, प्रकाशक महोदय, तुमच्या कोपराजवळ. पान एकशे अठ्ठेचाळीस, उजवा रकाना, चौथं उदाहरण. 'यू विल लर्न टू बिहेव, ऑर यू विल गो.' पुढे मराठी: 'नीट वागायला शिक, नाहीतर चालती हो.' हे वाक्य गेली नऊ वर्षं शाळा-कॉलेजांतून वाचलं जातं आहे. ते मी ऐकलेलं आहे. हा मजकूर छापून आल्यापासून मी ते पान एकदाही उघडलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला त्या पानावरचं काही हवं असलं तर मी म्हणायचो, जरा तुम्हीच बघून घ्या ना.

अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक टंकलेखिका होत्या. त्यांचं नाव मी घेणार नाही, तसं त्यांनीच बजावलं आहे. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण सगळे त्यांना ताईच म्हणायचे. जुने सहकारी आत्ता माना खाली घालत आहेत, म्हणजे त्यांना आठवलं. त्यांचा हात मशीनवर असा चालायचा की पान मुद्रितशोधकांकडे गेलं तरी शोधायला काही उरायचं नाही.

सरांना लवंग चघळायची सवय आहे. टंकलेखनाच्या खोलीतल्या बायकांना सर आत आल्याचं पावलांनी कळत नसे, लवंगेच्या वासाने कळत असे. वास आला की खुर्च्या पुढे सरकायच्या. सर मजकूर बघायच्या निमित्ताने पाठीमागे उभे राहायचे. हात आधी खुर्चीच्या पाठीवर असायचा. मग तो खुर्चीच्या पाठीवर नसायचा. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्याला 'सरांची पद्धत' म्हणायचो आणि एकमेकांकडे बघून हसायचोसुद्धा. आज ते हसू आठवलं की मला शिसारी येते. सरांची नंतर, आधी माझी.

वहिनी, मला माफ करा. तुमच्या घरी मी कितीदा जेवलो आहे. तुमच्याकडे बघून हे बोलणं मला जमत नाही, म्हणून मी मागच्या भिंतीकडे बघून बोलतो आहे.

त्या दिवशी दुपारी मी माझ्या टेबलाशी होतो. माझं टेबल आणि टंकलेखनाची खोली यांच्यामध्ये एक पार्टिशन होतं. पलीकडे त्या वेळी ताई एकट्याच होत्या. त्यांचं मशीन थांबलं. ताई म्हणाल्या, "सर, खांद्यावरचा हात काढा." आवाज चढवला नव्हता. दार लावून घे असं आपण म्हणतो तितक्या साधेपणाने म्हणाल्या. आणि मग सर बोलले, रागावल्यावर इंग्रजीत बोलतात तसे इंग्रजीत. ते वाक्य पान एकशे अठ्ठेचाळीसवर आहे.

आता कुणीही माणूस असता तर उठून पलीकडे गेला असता. मी काय केलं? मी ड्रॉवर उघडला, कोरं कार्ड काढलं आणि वाक्य उतरवून घेतलं. 'बिहेव'चं इतकं सणसणीत उदाहरण त्या महिन्यात मिळालं नव्हतं. हसू नका, खरं सांगतो आहे. एक बाई पलीकडे एकटी आणि मी अलीकडे अक्षर घोटतो आहे. कार्ड उलटून मागेही सगळं लिहिलं, सही केली आणि संध्याकाळी बाकीच्या कार्डांबरोबर सरांच्या ट्रेमध्ये ठेवून दिलं. धैर्य म्हणून नव्हे. सवय म्हणून.

ताईंनी रीतसर तक्रार केली. तेव्हाच्या मंडळाने पार्टिशनच्या अलीकडे बसणाऱ्या आम्हा तिघांना बोलावलं. दोघे त्या दुपारी जागेवर नव्हते, ते सुटले. मी जागेवर होतो. मला कागद दिला आणि मी त्यावर लिहिलं, 'मी काहीही ऐकलं नाही.' खाली तीच सही, जी कार्डामागे आहे.

का लिहिलं? मुलगी लहान होती, आई अंथरुणाला खिळलेली होती, असं सांगितलं तर तुम्ही मान डोलवाल. पण ते कारण नव्हतं. उपसंपादकाची खिडकीची खोली रिकामी होणार होती आणि मला ती हवी होती. पार्टिशनला कंटाळलो होतो. उजेड पाहिजे होता. एवढ्यासाठी. घरी बायकोने विचारलं, ताईंच्या बाबतीत नेमकं काय झालं हो? तिलाही मी म्हटलं, मला काही ऐकू आलं नाही.

मला खिडकी मिळाली. ताईंची नोकरी गेली, त्यांना दाखला मिळाला. नाव, हुद्दा, कामाचा कालावधी, आणि शेवटचा रकाना वर्तन. त्यात सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'असमाधानकारक'. तो दाखला घेऊन त्या बाई सात ठिकाणी गेल्या. सातही ठिकाणी माणसं शेवटच्या रकान्यापर्यंत वाचून 'कळवतो' म्हणाली. वर्तन खराब म्हणजे बाईच्या बाबतीत लोक काय समजतात, हे या सभागृहाला मी काय सांगावं? दोन वर्षांनी आमच्या इमारतीसमोर झेरॉक्सचं दुकान निघालं. तिथे मशीनवर उभं राहायला दाखला लागत नाही. माझ्या खिडकीतून ते दुकान समोर दिसतं. मी पडदा लावून घेतला. म्हणजे ज्या उजेडासाठी हे सगळं केलं, तोही मी घेतला नाही.

एक चिठ्ठी आली आहे. सूत्रसंचालक बाईंचं अक्षर आहे. लिहिलं आहे, 'आवरा'. बाई, 'बिहेव'चा हा अर्थ आमच्या कोशात राहून गेला आहे, पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ. आवरतोच आहे. आणि माइकच्या बटणाकडे निघालेल्या सद्गृहस्थांना विनंती, बसून घ्या. माइक नसला तरी मागच्या भिंतीपर्यंत माझा आवाज पोचतो.

तर मी म्हणत होतो, मागच्या महिन्यात मानपत्रासाठी हे पान उघडलं. मग गोदामातल्या कपाटातून अडतीस कार्डं काढली आणि माझं कार्ड हातात आलं. मला वाटलं होतं, सरांनी ते केव्हाच फाडून टाकलं असेल. फाडलं नव्हतं. वाक्याखाली सरांची ठसठशीत लाल खूण होती आणि बाजूला त्यांच्या अक्षरात, आठ दिवसांनंतरच्या तारखेचा शेरा: 'अस्सल. जरूर घ्यावे.'

मी कपाटाशीच खाली बसलो. हे कसं झालं असेल ते मला तिथेच कळलं, तुम्हालाही कळलं असेल. सर कार्डाची मागची बाजू कधीच बघत नाहीत. त्यांचं तत्त्वच आहे ते. ते आम्हाला नेहमी सांगायचे, वाक्य चांगलं आहे की नाही एवढंच बघा, कोण कुणाला म्हणालं याच्याशी कोशाला काही देणंघेणं नाही. स्वतःचंच वाक्य समोर आलं, त्यांना आवडलं, त्यांनी ते पास केलं. आठवडाभरापूर्वी आपण हे कुणाला म्हणालो होतो, हेसुद्धा त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मला सगळ्यात किळस कशाची येत असेल तर याची. ज्या वाक्याने एका माणसाची अकरा वर्षं गेली, ते बोलणाऱ्याच्या आठवणीत आठ दिवससुद्धा टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन मी समोरच्या दुकानात गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ताईंनी मान वर न करता विचारलं, किती प्रती? मी म्हटलं, एकच, पण दोन्ही बाजू. त्यांनी पुढची बाजू काढली. कार्ड उलटलं. आणि मशीनचं झाकण तसंच उघडं धरून त्या वाचत राहिल्या. माझ्यामागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती.

शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ऐकलं होतं."

मी हो म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी घरी सगळ्यांना सांगत आले की टाचणीभाऊ खोटं बोलणारे नाहीत. पार्टिशन जाड असेल, म्हणून ऐकू गेलं नसेल."

त्यांनी प्रत काढून दिली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, हे कार्ड मी सगळ्यांसमोर वाचलं तर चालेल का? त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, माझं नाव घेऊ नका, पण मागची बाजू वाचा, पूर्ण वाचा.

तेव्हा वाचतो. 'मुख्य संपादक टंकलेखिकेला, तिने खांद्यावरचा हात काढा म्हटल्यावरून. टंकलेखनाची खोली, दुपारी सव्वातीन.' तारीख. माझी सही. संपलं. अडीच ओळी आहेत.

आता हे सगळं आजच कशासाठी, निरोपाच्या वेळी गोड बोलून सोडून द्यावं ना, असं काहींना वाटत असेल. सांगतो. इथल्या ग्रंथालयात एक जागा निघाली आहे. वयाची अट पन्नासची आहे आणि ताईंना पुढच्या महिन्यात पन्नास पूर्ण होतात. अर्ज शनिवारपर्यंत, सोबत पूर्वीच्या नोकरीचा दाखला. आपल्या नियमाप्रमाणे ज्याने दाखला दिला, त्यालाच तो पदावर असेपर्यंत दुरुस्त करता येतो. नाहीतर मंडळापुढे नव्याने चौकशी, आणि आपली चौकशी म्हणजे वर्ष तरी धरा. सर आज संध्याकाळी सहापर्यंत मुख्य संपादक आहेत. समितीने भेट द्यायला आणलेलं घड्याळ समोरच आहे आणि ते चालू आहे. पाच वाजून बारा मिनिटं.

सर, मानपत्राच्या फाइलीत तीन कागद आहेत. पहिलं मानपत्र. त्यातली वर्तनाची ओळ मी कोरी ठेवली आहे, ती मला भरता येणार नाही. दुसरा, ताईंचा नवा दाखला. टाइप मी केला आहे, त्यामुळे दोन चुका असतील, ताईंनी केला असता तर नसत्या. त्यातही शेवटचा रकाना मुद्दाम रिकामा सोडला आहे. तो तुमच्या हाताने भरायचा आहे, जसा तो पहिला भरला होता. तिसरं हे कार्ड. तुमची लाल खूण असलेली बाजू वर ठेवली आहे. उलटणं तुमच्याकडे आहे. चोवीस वर्षांत मी तुम्हाला कधी काही सुचवलं नाही, आज एवढं सुचवतो.

बाईसाहेब, तुमच्यासाठी वेगळं पाकीट आहे. त्यात माझा जबाब आहे, की अकरा वर्षांपूर्वी मी मंडळाला लेखी खोटं सांगितलं. सरांनी सही केली तरी आणि नाही केली तरी तो तुम्ही दप्तरी घ्यावा. माझ्या दाखल्यावर वर्तनाच्या रकान्यात काय लिहायचं तेही मंडळाने ठरवावं. उदाहरण मी जोडलेलं आहे. खिडकीची खोली मी सकाळी रिकामी केली. पडदा काढून ठेवला आहे, पुढच्या माणसाला उजेड मिळेल.

समारंभ समितीने मला बोलायची संधी दिली, तिचे आभार. या सभागृहाची व्यवस्था पाहणारे, खुर्च्या मांडणारे, चहा दोनदा गरम करून ठेवणारे आणि मला मध्येच न ओढणारे, सगळ्यांचे आभार. प्रकाशक महोदय, तुम्ही पान एकशे अठ्ठेचाळीस उघडून वाचलंत, तुमचे वेगळे आभार. सात मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. वहिनींची मी पुन्हा क्षमा मागतो.

आणि एक क्षमा राहिली. ती मागायचा हक्कसुद्धा मला आहे की नाही, मला माहीत नाही, म्हणून फक्त जे खरं आहे ते सांगतो आणि बसतो. ताई, तुम्ही आला असाल आणि मागे कुठे बसला असाल तर ऐका. पार्टिशन जाड नव्हतं. प्लायवुडचं होतं, माझ्या बोटाएवढंही नव्हतं. मला सगळं ऐकू आलं होतं.